पाऊण बिडी

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मला छत्तिसावं वर्ष चालू होतं, आणि माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढं मेंढरं. हे लिहितो ते माझं मी लिहितो. कोणी दुरुस्त केलेलं मला चालत नाही. डॉक्टरांबद्दल तर नाहीच चालणार. त्यांच्याबद्दल वसमतमध्ये जे बोललं जायचं त्यातलं अर्धं चुकीचं होतं, आणि ते चुकीचं मी सुद्धा बोललो आहे.

आमचं गाव शिरड शहापूरच्या बाजूला. दिवसाला सात-आठ कोस चालणारा माणूस मी. त्या उन्हाळ्यात अशी वेळ आली की मेंढरं पुढं आणि मी मागं बांधावर पोटरी धरून बसलेलो. जरा बसलं की दुखणं जाई, चार पावलं टाकली की परत येई. बोटात तर निखारा ठेवल्यासारखं. गावात कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं काटा मोडला असंल. एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरानं गुडघ्याखाली बोट फिरवून दाखवलं, "इथून काढावा लागेल." मी उठून आलो. मेंढरामागच्या माणसाचा पाय म्हणजे त्याचं शेत. ते विकून मी खाऊ काय?

मग बाजारात एकानं सांगितलं, "वसमतला एक म्हातारा डॉक्टर आलाय. येडाच हाय. आधी पेशंटाच्या पाया पडतो, मंग सुई देतो."

ते खोटं नव्हतं. मला बाकड्यावर बसवलं आणि डॉक्टर स्वतः खाली फरशीवर उकिडवे बसले. साठीचा माणूस. केस पांढरे, चष्मा सुतळीनं गळ्यात बांधलेला. एवढ्या उन्हाळ्यात पायात बूट आणि आत लोकरीचे मोजे, ते पण दोन-दोन. त्यांनी माझ्या पायाला हात घातला तसा मी पाय वर ओढला.

"आवो, काय करून राहिले डॉक्टरसाहेब! बापाच्या वयाचे तुमी. मला पाप लावता का?"

"पाय इकडं आण. पाया पडत नाही मी तुझ्या. नाडी बघतोय."

"नाडी हातात असती. एवढं मला बी कळतं."

"हातातली नाडी देवानं आळशी डॉक्टरांसाठी ठेवलीय," ते म्हणाले. "आण पाय."

पावलावर एक जागा, घोट्यामागं एक, गुडघ्याच्या लवणीत एक, जांघेत एक. प्रत्येक जागी तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसायचे. भजनात बसल्यासारखे. नाडी लागली की थुंकीनं ओली केलेल्या जांभळ्या पेन्सिलीनं तिथं फुली मारायची, नाही लागली तर शून्य काढायचं. माझ्या डाव्या पायावर पावलाला शून्य आणि घोट्याला शून्य निघालं. बायको संगं होती. ती हळूच म्हणाली, "शून्य म्हंजी नापास ना वो?"

"आत्ता नापास," डॉक्टर म्हणाले. "परीक्षा अजून व्हायचीय."

त्या फुल्याशून्यांचे पाय पुढं मी कुठं कुठं बघितले. आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारात एक म्हातारी भेटली. तिनं पायावरची फुली आठ दिवस धुतली नव्हती, डॉक्टरनं काहीतरी मंत्रून दिलंय म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "पोटरी भरून येईपर्यंत किती चालतोस?"

"दीड बिडी."

त्यांच्या मागं मोठ्या कॉलेजातून शिकायला आलेला एक चष्मेवाला तरुण डॉक्टर वही घेऊन उभा होता. तो हसला. आमच्याकडं तेव्हा वाट अशीच मोजायचे. बिडी पेटवून चालायला लागायचं, ती संपेपर्यंत जेवढी वाट सरली तेवढी एक बिडी. शेत किती लांब, तर दोन बिड्या. विहीर, अर्धी बिडी. मला मैल कळत नव्हता. त्याला बिडी कळत नव्हती.

"हसायला काय झालं?" डॉक्टर त्याच्यावर खेकसले. "लिही, दीड बिडी. आणि तू रे, ओढतोस कशी? दमानं का घाईनं?"

"चालताना दमानं."

"हेही लिही."

तेवढ्यावर भागलं नाही. मला दवाखान्याच्या आवारात नेलं. म्हणाले पेटव. मी पेटवली आणि भिंतीच्या कडेनं चाललो, चष्मेवाला माझ्या मागं पावलं मोजत. दुसरी बिडी निम्मी जळाली आणि पोटरीनं मला खाली बसवलं. डॉक्टरांनी माझ्या हातातलं थोटूक घेतलं, निरखून बघितलं आणि म्हणाले, "खरं बोलतोस. दीड." ते थोटूक त्यांनी डिंकानं वहीच्या पानाला चिकटवलं. खाली माझं नाव. "ही तुझी शेवटची."

मला समजावलं ते पण आमच्याच भाषेत. "पाटानं हळदीला पाणी देतात ना? तसे पायात रक्ताचे पाट आहेत. बिडीच्या धुरानं ते आवळतात. आवळून आवळून बुजतात. पाट बुजला की टोकाचा वाफा आधी वाळतो. हे बोट तुझा टोकाचा वाफा. आता पाय का बिडी, एक काय ते सांग. मला दोन्ही सांभाळता येणार नाही."

"पाय," मी म्हणालो. बोलायला काय जातं!

चौथ्या दिवशी विहिरीमागं बसून मी दोन झुरके घेतले. परत येऊन खाटेवर टेकलो नाही तोच डॉक्टर आले. माझा हात उचलून बोटांचा वास घेतला आणि हात खाली ठेवला.

"पिशवी उचल."

"डॉक्टर होऊन पेशंटाला हाकलता?"

"पेशंटाला नाही, बिडीला हाकलतोय. तिनं तुझा हात धरलाय, म्हणून तूही जातोस."

मी हट्टाचा माणूस. घरी गेलो नाही. फाटकाबाहेर घोंगडी टाकून बसलो. बायको भाकरी घेऊन यायची आणि माझ्यावर चिडायची. "चला घरी. त्या म्हाताऱ्यापुढं काहून नाक घासून राहिले?"

"नाक घासून न्हाई राहिलो. बसून राहिलो."

डॉक्टरांची खोली एसटी स्टँडाजवळ होती. रोज सकाळी तिथून पायी यायचे. फाटकासमोर एक लिंब होता. आत शिरायच्या आधी त्या लिंबाखाली थांबून वर फांद्यांत बघत बसायचे. मी समोर बसलोय, पण बघायचे लिंबाकडं. पहिल्या दिवशी असं, दुसऱ्या दिवशी असं. तिसऱ्या दिवशी लिंब बघून झाल्यावर माझ्याजवळ आले. बोटांचा वास घेतला.

"आज किती?"

"एक बी न्हाई."

"काल?"

"एक बी न्हाई."

"परवा?"

मी घोंगडीची घडी नीट केली. शेवटी म्हणालो, "अर्धी."

"चल आत," ते म्हणाले. "परवाची पण एक बी न्हाई म्हणाला असतास, तर बसला असतास पावसाळ्यापर्यंत."

माझं ऑपरेशन पोटाच्या बाजूनं झालं. कमरेजवळ आत एक नस असते म्हणे, ती पायातल्या शिरांना आवळून धरते. ती कापली की शिरा सैल पडतात. पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलं होतं, पण कान जागे होते. आडव्या धरलेल्या फडक्यापलीकडून आवाज यायचा. "घाई कसली? हा काय उठून चाललाय? बोटानं बघ आधी. डोळा नंतर." ते चष्मेवाल्याला शिकवत होते. माझं पोट उघडं आणि त्याची शाळा चालू. मला राग यायला पाहिजे होता. उलट बरं वाटलं. एवढ्या दमानं शिकवणारा माणूस घाईनं कापणार नाही.

संध्याकाळी बायकोनं माझ्या पावलाला गाल लावून बघितला. तशीच बसून राहिली. मी म्हणालो, "काय झालं?" तर म्हणाली, "ऊन हाय." आणि लागली रडायला. पुढं ते काळं बोट तेवढं काढलं. पाय राहिला. आजही आहे, ह्याच पायानं गावच्या वेशीपर्यंत जाऊन येतो.

डॉक्टरांचं शिकवणं काही औरच होतं. खाटकाकडून बोकडाच्या मानेची शीर आणायचे, मधून कापायचे आणि शिकायला आलेल्यांना केसासारख्या दोऱ्यानं परत जोडायला लावायचे. जोडली की पिचकारीनं आत पाणी सोडायचं. पाणी गळलं की नापास. आणि हे बघायला परीक्षक कोण, तर रस्त्यावरचा शिंपी. त्याला सगळे मामू म्हणायचे. मामू कातरी खिशात घालून यायचा, शीर उजेडाकडं धरून बघायचा.

"कच्ची सिलाई है साब. सिलाई ऐसी होना, कपडे को मालूम नै पडना."

"ऐकलंत?" डॉक्टर म्हणायचे. "पुस्तकात हे एवढ्या थोडक्यात नाही."

शहरातल्या मोठ्या कॉलेजात ते म्हणे मोठ्या हुद्द्यावर होते. ते सोडून एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात का आले, असं कोणी विचारलं की एकच उत्तर, "पाय इथं आहेत." वहीवर वही भरत होती. कोण किती बिड्या चालतो, बिडी सोडल्यावर सहा महिन्यांनी किती चालतो. त्यात एक घोटाळा झाला. सहा महिन्यांनी मला विचारलं, "आता किती चालतोस?" मी म्हणालो, "साहेब, बिडी तर तुमी सोडवली. आता कशानं मोजू?" डॉक्टरांनी वही मिटली. मग चष्मेवाल्याला म्हणाले, "हे आपल्याला सुचायला पाहिजे होतं." तेव्हापासून पावलं मोजायला लागले.

मी त्यांचा मास्तर कसा झालो ते सांगतो. बरा झाल्यावर एकदा मेंढरं घेऊन दवाखान्यावरून चाललो होतो. एक मेंढी मान टाकून बसली. मी तिच्या मागच्या मांडीच्या आत दोन बोटं ठेवली. लिंबाखाली डॉक्टर होतेच.

"काय बघतोस?"

"जीव."

"माणसाचा बघशील?"

मला आत नेलं. तीन पेशंट तोंडावरून चादर घेऊन निजवले, फक्त पाय उघडे. चष्मेवाल्याला म्हणाले, तू बघ, मग हा बघेल. चष्मेवाल्याला तिन्ही पायांत नाडी लागली. मला दोनच पायांत लागली.

"मधल्याला न्हाई," मी म्हणालो.

"आहे! मला स्पष्ट लागतेय," चष्मेवाला म्हणाला.

"तुमी लई दाबून राहिले, साहेब. ती तुमच्या बोटाची नाडी हाय. तुमालाच तुमची लागून राहिली."

डॉक्टरांनी मधल्याचा पाय बघितला, पेन्सिल ओली केली आणि शून्य काढलं. मग चष्मेवाल्याला म्हणाले, "यानं आत्ता सांगितलं ते मरेपर्यंत विसरू नकोस. नाडी लागली की आधी विचार, कोणाची?" त्या दिवसापासून बाजारच्या दिवशी मी दवाखान्यात जायचो आणि शिकायला आलेल्यांची बोटं धरून पायांवर ठेवायचो. कोकराला लावतो तसा हलका हात, एवढंच माझं शास्त्र. तिसरी शिकलेल्या माणसाला डॉक्टर लोक "मास्तर" म्हणायचे. मी मान वर करून चालायचो. का चालू नये?

त्यांचे चाळे सांगायचे तर पुष्कळ. खोलीपासून दवाखाना केवढा? पण त्यांना वाटेत प्रत्येकाची चौकशी. पिठाच्या गिरणीपाशी थांबून विचारायचे, आज कोणाची ज्वारी. गरम पिठात हात घालून उभे राहायचे. पुढं मामूच्या दुकानासमोर उभे राहून त्याची शिवण बघायचे. मामूला त्याचा एवढा अभिमान की गिऱ्हाइकाला म्हणायचा, "डाक्टर साब मेरे पास सीखने आते." मग फाटकाचा लिंब. कोणी सायकलवर बसा म्हणालं तर ओरडायचे. देवळात कधी गेले नाहीत. कोणाला पायाला हात लावू द्यायचे नाहीत. कोणी वाकलं की टुणकन मागं. "पाय माझे आहेत. तुमचे सांभाळा."

एकदा डॉक्टर आमच्या गावाकडच्या लोकांचे पाय बघायला आले होते. मी घरी जेवायला बोलावलं. बायकोनं दोन दिवस तयारी केलेली, जमीन सारवलेली. डॉक्टर दारात आले आणि अंगणातल्या बाजेवरच बसले.

"बूट काढा, आत या."

"इथंच बरं आहे."

बायको मान खाली घालून आत गेली. मला राहवलं नाही. "धनगराच्या उंबऱ्यात बूट काढायला कमीपणा वाटतो का, साहेब?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलतील वाटलं. म्हणाले, "भाकरी वाढ."

जेवले पोटभर, अंगणात, बूट घालून. ते माझ्या मनातून गेलं नाही. दीड वर्ष मी दवाखान्यात जात राहिलो, पोरांना शिकवत राहिलो, पण डॉक्टरांशी कामापुरतं बोललो. त्यांनीही विचारलं नाही. ते दीड वर्ष आता मला परत पाहिजे आहे. कोण देईल?

सत्याहत्तर साली, दिवाळीनंतर, कळलं की डॉक्टर चालले. लेकीकडं, पुण्याला. तेव्हा माझी मेंढरं वसमतच्याच शिवारात एका रानात बसवली होती. दुपारी बायकोवर सोडून स्टँडावर गेलो. डॉक्टर बाकावर बसलेले, शेजारी लोखंडी पेटी. हार घालून, फोटो काढून माणसं परत गेली होती. चष्मेवाला तिकिटाच्या खिडकीशी उभा होता.

मी ठरवून गेलो होतो. राग राग म्हणून किती दिवस धरायचा? ज्याच्यामुळं दोन पायांवर उभा आहे त्याच्या पायावर डोकं ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. मी वाकलो. ते पाय मागं ओढायला लागले.

"नको. सांगितलंय ना, नको."

"तुमी माझ्या पायाला किती वेळा हात लावला? मी एकदा बी न्हाई लावायचा?"

मी त्यांचा डावा घोटा धरला. मी धरलं की सुटत नाही, मेंढरांना विचारा. मोजा खाली सरकला आणि माझी बोटं आपसूक घोट्यामागच्या जागेवर गेली. सवय. मी काही मुद्दाम बघत नव्हतो.

पाय थंड होता. नोव्हेंबरातल्या विहिरीच्या दगडासारखा. आणि बोटांखाली ठोका लागला. मला हायसं वाटलं. मग मी हात हलका केला, कोकराला करतो तसा, आणि ठोका गेला. तो माझाच होता. परत बघितलं. दुसऱ्या पायाला बघितलं. सगळीकडं मीच लागत होतो, एकटा.

वर बघितलं तर डॉक्टर चष्मेवाल्याकडं बघत होते, त्याचं लक्ष नाही ना म्हणून.

"कळलं?" ते हळू म्हणाले.

"कवापासून?"

"तुझ्या आधीपासून. तीस वर्षं सिगारेट ओढली. ऑपरेशनच्या आधी एक, नंतर दोन. सोडली, पण पायानं उशिरा ऐकलं." त्यांनी मोजा वर घेतला. "बोटं गेलीत दोन. तुझ्या बायकोनं जमीन सारवली होती त्या दिवशी जखम वाहत होती. बूट काढले असते तर ती जेवली नसती."

दीड वर्ष मी त्या बुटांवर रुसून होतो.

"मंग सांगायचं न्हाई का आमाला! ह्या चष्मेवाल्याला तुमी सगळं शिकवलं. त्यानं केलं असतं ऑपरेशन."

"माझ्या पायात आता तेवढं राहिलं नाही. आणि या पोरांना कळलं असतं, तर ती माझाच पाय बघत बसली असती. त्यांनी तुमचे बघायचेत." मग म्हणाले, "कोणाला बोलू नकोस." मी शब्द दिला.

"लेकीकडं कशाला चालले?"

त्यांनी गुडघ्याखाली बोट फिरवून दाखवलं. एवढंच.

गाडी लागली. चष्मेवाला पेटी उचलायला आला, ती मी त्याला उचलू दिली नाही. डॉक्टर दांडीला धरून एक पायरी चढले, थांबले. मला एकदम सुचलं आणि मी विचारलं,

"डॉक्टरसाहेब, किती चालता?"

ते वळले. तीन वर्षांत त्यांना दात दाखवून हसताना मी तेवढं एकदाच बघितलं.

"पाऊण बिडी," म्हणाले, आणि आत गेले.

त्यांचं पुढं काय झालं ते मला नीट कळलं नाही. चष्मेवाला पण वर्षभरात वसमत सोडून गेला. पन्नास वर्षं होत आली. त्यांना जाणणारं कोणी आता राहिलं नाही, म्हणून शब्द मोडून लिहितो आहे. आताचे डॉक्टर टेबलामागून बोलतात. कागद वाचतात, औषध चांगलं देतात, त्यांना नावं ठेवत नाही. पण पायाशी कोणी उकिडवं बसत नाही. कधी कधी खाटेवर बसल्या बसल्या मीच माझ्या घोट्यामागं बोटं ठेवतो आणि आधी विचारतो, कोणाची?

त्या दिवशी गाडी गेली आणि मी रानात परत आलो. बायकोनं विचारलं, "भेटले का?" व्हय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं सोडली, आणि रानाकडं न नेता स्टँडाकडं नेली. डॉक्टरांच्या खोलीला कुलूप होतं. तिथून वळलो आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. खिशात बिडी नव्हती, पण वाट पायाला कळते. पाऊण बिडी झाली तिथं गिरणी आली. मी थांबलो. मेंढरं पुढं गेली, मग तीही थांबली. कोणाची ज्वारी म्हणून विचारलं. परत चाललो. पाऊण बिडीला मामूचं दुकान.

"कायकू खडा है रे?" मामू म्हणाला. "साब तो कल गये."

"सिलाई बघून राहिलो, मामू."

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. मी बसलो नाही. उभ्यानं थोडा वेळ बघितलं आणि निघालो. लिंबाखाली आलो. पोटरी भरून आली नव्हती. पाय ऊन होता, दोन्ही. मेंढरं रानासाठी ओरडत होती. मी थांबलो, आणि वर फांद्यांत बघत राहिलो.